वैलावरचे मडके

मंडळाच्या गेल्या स्नेहमेळाव्यात, ऐन पंगतीत, एका ज्येष्ठ सदस्यांनी ठासून सांगितले की, 'स्लो कुकर' हे चिवट मांस मऊ करण्याचे यंत्र आहे. शाकाहारी घरात ते आणणे म्हणजे आळसाला विजेचे बिल जोडणे होय. पुरुषमंडळी हसली. वाढणाऱ्या स्त्रिया हसल्या नाहीत, हे आम्ही टिपून ठेवले.

मुळात हा इतिहासच चुकीचा आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना 1940 साली ज्या भांड्याचे पेटंट मिळाले, ते पुढे 'नॅक्सन बीनरी' या नावाने विकले गेले. म्हणजे नावातच कडधान्य! शब्बाथला विस्तव पेटवणे निषिद्ध म्हणून लिथुआनियातील ज्यू कुटुंबे शुक्रवारी सायंकाळी 'चोलेंट'चे मडके भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत. ही हकिगत नॅक्सन यांनी आईकडून ऐकली होती. चोलेंटमध्ये मांसही पडते, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याचा जीव कडधान्यात असतो. रायव्हल कंपनीने 1971 मध्ये हेच भांडे 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणले. आणि आपल्या आज्यांनी चुलीच्या वैलावर दुपारभर रटरटत ठेवलेल्या पावट्यांना आपण कधी आळस म्हटले होते काय?

आता आळसाविषयी. नोकरीची सर्व वर्षे आम्ही कचेरीतून येऊन थेट ताटावर बसलो. सौभाग्यवतींच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा चौसष्टाव्या वर्षी प्रथमच स्वयंपाकघर आमच्या अंगावर पडले. प्रेशर कुकर झटपट खरा, पण त्याच्या शिट्ट्या मोजायला एक माणूस अडकून पडते. ते माणूस आजवर कोण होते, हे इंदुरातल्या घरोघरच्या पुरुषांनी स्वतःला विचारावे.

तरीही डोळे मिटून खरेदी करू नये. शासकीय सेवेत निविदा काढताना आम्ही एक धडा शिकलो: विनिर्देश नीट लिहिले नाहीत, तर नको तीच वस्तू गळ्यात पडते. आमच्या मेहुण्यांनी अमेरिकेहून हौसेने आणलेला कुकर 120 व्होल्टचा होता. आपल्या 230 व्होल्टवर लावताच त्याने धूर सोडला. चौघांच्या घराला साडेतीन लिटरचे भांडे पुरे. ते निम्मे ते दोन तृतीयांश भरावे लागते, म्हणून 'मोठेच घेऊ' हा मोह टाळावा. आतले भांडे गॅसवर ठेवता येईल असे धातूचे असावे, हा आमचा आग्रह आहे. चिनीमातीच्या भांड्यात फोडणी होत नाही, आणि फोडणीवाचून आपले कोणते कालवण होते?

या आग्रहाला दुसरे, अधिक गंभीर कारण आहे. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. मंद आचेवर ते नष्ट होईलच असे नाही; अर्धवट तापल्यास उलट वाढू शकते. उलट्या-जुलाबांना मूठभर दाणेही पुरतात. राजमा रात्रभर भिजवून पाणी फेकावे, ताज्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळावा (अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन 30 मिनिटे सांगते) आणि मगच कुकरच्या स्वाधीन करावा. विक्रेता हे सांगत नाही. आम्ही विचारले तेव्हा त्याने आम्हांस रंगांचे पर्याय दाखवले.

अख्खा मसूर आणि हरभरे यांना सहा-आठ तास द्यावेत. चिंच-आमसूल शेवटी, नाहीतर दाणे टणक राहतात. तुरीच्या वरणासाठी मात्र हे यंत्र लावू नये. तिथे प्रेशर कुकरच श्रेष्ठ. पालेभाजी काळवंडते, कढी फुटते. खर्चाचे म्हणाल तर 200 वॅटचे भांडे आठ तासांत दीड युनिटाच्या आसपास वीज घेते. मध्येच वीज जाऊन अन्न तासन्‌तास कोमट राहिले, तर ते टाकून द्यावे. तिथे काटकसर नको.

त्या ज्येष्ठ सदस्यांना आमच्याकडे अख्ख्या मसुराचे सप्रेम निमंत्रण आहे. वाढायला मात्र त्यांनीच उभे राहायचे आहे.