किडनीचा रोग एकट्याचा नसतो

किडनी निकामी झाली की सरकार मदतीला येते. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसते. पण रोग आनुवंशिक असेल तर रुग्णाच्या भावंडांना वेळेत तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जाणारा पॉलिसिस्टिक विकार आई-वडिलांपैकी एकाला असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्यातून आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत, नात्यातल्या दात्याकडून होतात. म्हणजे ज्याच्यात तोच दोष दडलेला असू शकतो, त्याच्याकडेच आपण किडनी मागतो. पंचविशीतल्या भावाची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तो सुटला असे म्हणता येत नाही, कारण पीकेडी-२ जनुकाच्या घराण्यांत गाठी उशिरा उमटतात. अशा दात्याची जनुकीय चाचणी प्रत्यारोपणाच्या खर्चातच धरली पाहिजे.

औषधच नाही, मग कळून उपयोग काय, हा आक्षेप आता शिळा झाला आहे. टोलव्हॅप्टन या विकाराची गती कमी करते हे २०१२ च्या मोठ्या चाचणीत दिसले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने त्याला या विकारासाठी मान्यता दिली. ते सर्वांसाठी नाही. लघवी फार होते, यकृतावर नजर ठेवावी लागते. पण रक्तदाब लवकर आटोक्यात ठेवायला महाग औषध कशाला हवे? अल्पोर्ट या दुसऱ्या आनुवंशिक किडनीविकारात तर रक्तदाबाच्याच जुन्या, स्वस्त गोळ्या लवकर दिल्यास डायलिसिस काही वर्षे लांबते. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या काही मुलांच्या नेफ्रोटिक आजारामागे जनुकीय दोष असतो. तो ओळखला तर त्यांचे स्टेरॉइड तरी थांबते. खर्चाचे म्हणाल, तर सरसकट चाचण्या कोणी मागत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन हजारांहून अधिक किडनीरुग्ण तपासले, तेव्हा साधारण नऊ टक्क्यांत जनुकीय कारण सापडले. आधी कारणच न कळलेल्यांत हे प्रमाण सतरा टक्के होते. म्हणून चाचणी तिथेच करावी, जिथे घराण्यात रोग आहे किंवा कारण लागत नाही.

लग्नाचा आक्षेप मात्र खरा आहे. अहवाल फुटला तर आधी मुलीचे स्थळ मोडते, मुलाचे नंतर. म्हणून संमती, समुपदेशन आणि गुप्तता यांना पैसा चाचणीबरोबरच मिळायला हवा. आज समुपदेशकच विरळा. विम्याची भीतीही खोटी नाही, जरी जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभावाची ठरवली. आणि अहवाल अनेकदा संदिग्ध येतो, कारण तुलनेसाठीची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती जमवली, पण ती निरोगी लोकांची. रुग्णघराण्यांची नोंद वेगळीच ठेवावी लागेल, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या डायलिसिस विभागांत ती आजही सुरू करता येईल.