आजीचा वकील

आजीला हास्यक्लबात कोणीतरी भेटलंय, असा आमच्या घरात दोन महिने समज होता. सकाळी सहाला कोथरूडच्या बागेत, मग ग्रुपबरोबर अमृततुल्य, आणि फोनवर दर तिसऱ्या वाक्याला ‘साहेब म्हणाले’. आजी 82 वर्षांची. म्हटलं चला, घरात एकीचं तरी जमतंय!

साहेब निघाले वकील. आणि घरातला मूड एकदम बदलला.

त्यांची स्टाइल ऐका. हास्यक्लबात येतात ते काळ्या कोटात नाही, ट्रॅकसूटमध्ये. सगळ्यांबरोबर हात वर करून हसतात, कायद्याबद्दल अवाक्षर नाही. दिवाळीला प्रत्येकाला एक भिंग, पेपर वाचायला. दांड्यावर नाव आणि मोबाइल नंबर, तोही इतका मोठा की वाचायला भिंग लागू नये. वाढदिवसाला स्वतःच्या हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड. हो, पोस्टकार्ड! नोव्हेंबर म्हणजे तर साहेबांचा सीझन. पेन्शनवाल्यांना तेव्हा हयातीचा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून तो ऑनलाइन देता येतो म्हणा, पण झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनला पटत नाहीत. मग साहेब बँकेबाहेर फोल्डिंगची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बसतात आणि फॉर्म भरून देतात. फुकट. पेपरातलं निधनाचं पानही वाचतात. दिवस कार्य होईपर्यंत गप्प. महिन्याभराने एक फोन: ‘वहिनी, बँकेत काही अडतंय का?’

आणि या सगळ्याची एक वही आहे. नाव, जन्मतारीख, मुलं किती, असतात कुठे, शेवटची कधी आली होती.

मी हिंजवडीत सेल्सवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यामुळे वहीचं वर्णन ऐकलं आणि मी हादरलेच. बॉस, हा तर आमचाच प्रॉडक्ट आहे! फक्त आम्ही याला ‘लीड’ म्हणतो. इथे लीड म्हणजे माझी आजी.

खरं सांगायचं तर माझ्या रागाचं कारण वेगळं होतं. आजीची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय. फ्लॅट तिच्या नावावर आहे, आजोबांनी 1984 मध्ये घेतानाच तसा घेतला होता. बाबा म्हणाले, प्रत्येक सहीला आईला कुठे फिरवत बसायचं, आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू. महाराष्ट्रात 2015 पासून राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये (वर सेस असतो, पण खरेदीच्या मानाने काहीच नाही). नवीन फ्लॅट पुढेमागे माझा, हे कोणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. वाकडला भाडं भरून भरून माझा जीव जातो. मॉड्युलर किचनचे फोटो मी सेव्हसुद्धा करून ठेवले होते. आणि आजी सहीच्या आदल्या दिवशी म्हणाली, ‘साहेब म्हणाले, थांबा.’

झालं. घरात तीन आठवडे कोल्ड वॉर.

मी गूगल करून तयारीनिशी साहेबांच्या ऑफिसात गेले. स्टेशनरीच्या दुकानावरची एक खोली. चहा आला.

‘सर, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला अशील गोळा करत फिरता येत नाही. जाहिरात नाही, एजंट नाही, ओळखदेख नसताना संपर्क नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची. 2008 पासून वेबसाइट चालते, पण तिच्यावरही नाव-पत्ता-शिक्षण असलीच माहिती.’

‘पाठ करून आलात,’ ते म्हणाले. ‘बरोबर आहे.’

‘मग ते भिंग?’

‘ती भेट आहे.’

‘नंबर छापलेली?’

ते हसले. हास्यक्लबवालं नाही, साधं. ‘तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. अर्ज जमत नसेल तर मी लिहून देतो. पण मला सांगा, तुम्ही बक्षीसपत्राचा मसुदा वाचलात?’

नव्हता वाचला. दोन पानं होती. फ्लॅटचं क्षेत्रफळ होतं, चतुःसीमा होत्या. आजी पुढे कुठे राहणार, तिचं कोण बघणार, याबद्दल एक ओळ नव्हती. आणि नाशिकच्या आत्याचं नाव कुठेच नव्हतं.

‘मृत्युपत्र माणूस हवं तितक्या वेळा बदलू शकतो,’ साहेब म्हणाले. ‘बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो. पण अट दिसायला हवी. अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय. मध्य प्रदेशातल्या एका आईने 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं, त्याच्याकडून सांभाळण्याचं वचन लिहून घेतलं. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिला मालमत्ता परत दिली. ते लिहून घेतलेलं होतं म्हणून. तुमचे वडील चांगलेच आहेत हो. पण मसुद्यात चांगुलपणा लिहिलेला नाही.’

यावर मी काय बोलणार? तरी विचारलं, ‘आजीच्या मृत्युपत्रात तुमचं नाव कुठे आहे?’

‘मसुदा करणारा म्हणून, शेवटी. फी तीन हजार, पावती दिली आहे.’

प्रश्न मी उगाच विचारला नव्हता. कॅलिफोर्नियात निवृत्त लोकांच्या एका वसाहतीतल्या म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं करता करता एक वकील स्वतःच लाखो डॉलर्सचा वारस होऊन बसला होता. 1992 मध्ये पेपरात बोभाटा झाला आणि 1993 मध्ये तिथे कायदा बदलावा लागला. सुरुवात तिथेही गोड बोलण्यानेच झाली असणार. आमच्या साहेबांचं मन साफ असेल, पण ती वही उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेली तर? मला ती वही आजही पटत नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवली. फेकली नाही.

संध्याकाळी आजीकडे गेले. म्हटलं, ‘अगं, अनोळखी माणसाला सगळं कशाला सांगतेस? आमच्याशी बोलायचं ना.’

आजी भाजी निवडत होती. ‘तू महिन्यातून एकदा येतेस. आल्याबरोबर वायफायचा पासवर्ड विचारतेस. मग जेवतेस.’ गवारीच्या दोन शेंगा मोडून झाल्या. ‘त्यांनी विचारलं मला, काकू, तुम्हाला काय हवंय. नुसतं विचारलं.’

‘मग काय हवंय तुला?’

‘तुझी आत्याही माझीच मुलगी आहे,’ आजी म्हणाली. ‘आणि मरेपर्यंत माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे.’

मृत्युपत्र झालं. कायद्याने साक्षीदार दोन लागतात, दोघंही हास्यक्लबातले. नोंदणी सक्तीची नाही, तरी आजी रिक्षा करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन करून आली. आत काय लिहिलंय ते मला माहीत नाही. बाबांनाही नाही. पण या नोव्हेंबरमध्ये आजीला बँकेत बाबा घेऊन गेले, ऑफिसातून हाफ डे टाकून. साहेब बाहेर खुर्चीवर होतेच. बाबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण चहा घेतला.

परवा माझा वाढदिवस झाला. वाकडच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं, सुवाच्य अक्षरात. ‘अनेक शुभाशीर्वाद. मार्चमध्ये वडिलांना साठ पूर्ण होतात ना? म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आता तेही बसतील. सवडीने पाठवा.’

खाली मोबाइल नंबर. चांगला मोठा.