मेलेले पाणी पितो कोण?

उन्हाळा आला की परभणी जिल्ह्यातल्या येलदरी धरणाची बातमी दोन-तीन शब्दांतच संपते. धरण जोत्याखाली. साठा शून्य टक्के. उरला तो मृतसाठा. २०१९ च्या उन्हाळ्यात हे सगळे शब्द एकदम वाचायला मिळाले. जिंतूरच्या बाईने 'शून्य टक्के' वाचले तर तिने काय समजावे? धरण आटले, हेच. धरण मात्र आटलेले नसते.

यातला 'जोते' हा शब्द प्रामाणिक आहे. घराला जोते असते, तसे धरणाच्या दारालाही. येलदरीचे पाणी वीजगृहातून खाली सिद्धेश्वर धरणात उतरते आणि तिथून कालव्याला लागते. दाराच्या तळापर्यंत जे पाणी पोचत नाही, ते जोत्याखालचे. पाणी कुठे आहे, एवढेच हा शब्द सांगतो. 'मृत' म्हटले की पाण्यालाच खोट लागते. खोट पाण्यात नाही. दार किती उंचीवर बसवायचे, हे कागदावर ठरले होते. त्या निर्णयाचे नाव पाण्याला चिकटले. वरच्या पाण्याला 'उपयुक्त' म्हटल्यावर खालचे आपोआप निरुपयोगी ठरते, हे वेगळे सांगावेही लागत नाही.

हे निरुपयोगी पाणी आहे तरी किती? येलदरीची एकूण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर. त्यात उपयुक्त सुमारे ८१०, मृत सुमारे १२५. लिटरात सांगायचे तर साडेबारा हजार कोटी. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजार होती. माणशी रोज १३५ लिटर धरले, तरी तेवढ्या शहराला आठ वर्षे पुरेल असा हा आकडा. बाष्पीभवन आणि गाळ वजा करा, तो बराच खाली येईल. पण शून्य होणार नाही.

त्याहून विचित्र शब्द 'उणे'. मराठीत उणे म्हणजे वजाही आणि दोषही. कुणाचे उणेदुणे काढतो आपण, ते हेच. धरणाच्या तक्त्यात हा शब्द टक्क्यांसह छापला जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे ५९ टक्क्यांवर गेले. उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठा साडेत्रेसष्ट. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. हिशेब मांडला तर उणे ५९ टक्क्यांनाही धरणात सुमारे ३२ टीएमसी पाणी उरते. काठोकाठ भरलेले येलदरी धरण ३३ टीएमसीचे. म्हणजे एका तक्त्यात जे पाणी 'उणे' म्हणून छापले गेले, जवळपास तेवढेच पाणी दुसऱ्या तक्त्यात 'शंभर टक्के' म्हणून छापले गेले असते. ज्या मोजमापात असे होते, त्यावर कोणी कसा विश्वास ठेवायचा?

हा शब्दांचा कीस नव्हे. टंचाईत पिण्याचे पाणी अनेकदा याच मृतसाठ्यातून येते. चर खोदतात, पंप लावतात, पाणी उचलतात. घागर भरून घरी येते ते हेच मेलेले पाणी. पण ज्याला मृत म्हटले, त्याचा रोजचा हिशेब कोण मागणार? उपयुक्त पाण्याच्या प्रत्येक आवर्तनावर बैठका होतात, भांडणे होतात. हक्क सांगायला माणसे येतात, हे चांगलेच आहे. शून्याखाली गेल्यावर मात्र तक्ता एक आकडा छापून गप्प होतो. टंचाई सगळ्यांत तीव्र असते, नेमके तेव्हाच. कोणी किती उचलले, किती वाफ होऊन गेले, ऑगस्टपर्यंत किती पुरेल, हे त्या 'शून्य' किंवा 'उणे' टक्क्यांत कुठेच दिसत नाही.

गाळाचा मुद्दा तर त्याहून गंभीर. जोत्याखालची जागा मुळात गाळासाठीही सोडलेली असते. येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. पूर्णा नदी तेव्हापासून दर पावसाळ्यात माती आणते आहे. तेव्हा त्या १२५ दशलक्ष घनमीटरांत आज पाणी किती आणि चिखल किती, हे तक्त्यावर छापले पाहिजे. 'मृत' या एका शब्दाखाली दोन्ही झाकले जातात. लोकांना वाटते तेवढे पाणी संपलेले नसते, आणि कागद सांगतो तेवढे ते शिल्लकही नसते.

रोजच्या तक्त्यात तीन रकाने पुरेत: धरणात एकूण पाणी किती, त्यात जोत्याखालचे किती, आणि त्यातून पिण्यासाठी आजवर उचलले किती. पहिला रकाना जिंतूरच्या त्या बाईसाठी. तिसरा, उचलण्याचा हुकूम ज्याच्या सहीने निघतो त्याच्यासाठी.