किल्लारीनंतर मातीवर बसलेला दोष

धर्माबादेत वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ऊब सोडत राहतो आणि पत्र्याखाली तर दुपारी बसवतही नाही. याच भागात पूर्वी माळवदाची घरे होती: जाड भिंती, लाकडी खांबांवर तोललेले खण आणि वर गढीची पांढरी माती. मराठवाड्याने ती भीतीपोटी सोडली आणि ती भीती खरी होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसे स्वतःच्याच भिंतींखाली गाडली गेली. पण त्या पहाटेचा दोष आपण सरसकट मातीवर टाकला, हे मला चुकीचे वाटते. घात केला तो बांधणीने. दगडी भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना आरपार दगडाने बांधलेले नव्हते, मधे नुसती चिखल-गोट्यांची भर होती. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. हादऱ्याने थर फुटले आणि तो सगळा भार खाली आला. 2001 च्या भूकंपात कच्छमधली गोल, हलक्या छपराची मातीची भुंगा घरे बऱ्याच अंशी टिकली. मातीची घरे भूकंपात टिकावीत म्हणून आयएस 13827 हे भारतीय मानक 1993 मध्येच निघाले. भिंतींना चौफेर बांधणारा पट्टा, हलके छप्पर, लहान खिडक्या-दारे, असे त्याचे साधे सांगणे आहे.

माळवद गळते, दरवर्षी राबवते, आणि पक्के घर ही गरिबाची प्रतिष्ठा असते, हे आक्षेप मला मान्य आहेत. आयुष्यभर भिंती सारवणाऱ्या बाईला पुन्हा तिकडे जा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. काळी माती ओलाव्याने फुगते, उन्हात आकसते, म्हणून ती जशीच्या तशी भिंतीला चालतही नाही. मुरमाड मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा मात्र चालतात. स्लॅबच हवा असेल तर त्यावर पांढरा चुना, पश्चिमेला ओसरी आणि कडुनिंब, समोरासमोर खिडक्या एवढे तरी करता येते. अडचण जागेची आहे. घरकुल योजनेतले किमान घर 25 चौरस मीटरचे, त्यात ओसरी बसवायची कुठे? म्हणून ओसरी आणि सावलीचा खर्च अनुदानात वेगळा धरावा आणि पंचायत समितीच्या अभियंत्याने पाया तपासतानाच पश्चिमेची भिंतही पाहावी.