संगणक आणि नोंदीचा माणूस

सभासद बंधूंनो, "कॉम्प्युटरनं माझी तोड मागं टाकली" ही तक्रार गट ऑफिसात आम्ही वरचेवर ऐकतो. आता हे यंत्र करतं काय? कळफलकावरून माहिती आत जाते, प्रोसेसर हिशेब करतो, डिस्क तो साठवते, प्रिंटर छापतो. (मेमरीतलं मात्र लाईट गेली की पुसतं.) यातला एकही भाग तुमच्या बांधावर येत नाही. बांधावर येतो तो चिटबॉय. त्याने १५ जुलैची आडसाली लागण १५ ऑगस्ट लिहिली, तर यंत्र बिनचूकपणे तुम्हाला महिनाभर मागं ढकलणार! तोवर तुरा आलेला ऊस पोकळ पडतो, वजन घटतं, खोडवाही लांबतो. काट्यावरही तेच. वजन लोडसेल सांगतो, खातेनंबर माणूसच घालतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, नव्या यंत्राचा खर्च मंजूर करताना नोंद घेणाऱ्या पोरांच्या पगाराचा अन् शिक्षणाचाही विचार सभेत व्हावा. हंगामापुरत्या माणसाकडून बारा महिन्यांची नोंद नीट कशी व्हायची? आणि तुम्हीही गट नंबर, उसाची जात, लागण तारीख वाचल्याबिगर नोंदीवर सही करू नका.