रंग शेवटी, आधी बूड आणि टाकी

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, साखरीनाटे, हर्णै येथल्या बोटी वर ओढून शाकारल्या जातात. घरात येणारा पैसा थांबतो आणि जुन्या बोटीचा खर्च नेमका तेव्हाच समोर उभा राहतो. मग पुष्कळ घरांत ठरते, ‘यंदा रंग मारून घेऊ, बाकीचे पुढल्या वर्षी पाहू.’ वाचक बंधू-भगिनींनो, या हिशेबाबद्दल आम्हाला थोडे बोलायचे आहे. त्या बोटीवर आपल्याच घरातला माणूस जातो.

बोटीचे बूड आधी गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावे, शेवाळ-शिंपले खरवडावेत. मग लाकडी हातोडीने वीतभर अंतरावर हळूहळू ठोकत जावे. ठणठणीत आवाज आला तर जागा धड आहे. बद्द आवाज आला, की आत पोकळी किंवा पाणी आहे असे समजून खडूने खूण करावी. लाकडी बोटीवर फायबरचे अस्तर असेल तर अधिकच जपावे. अस्तराला बारीक चीर पडली, की पाणी आत शिरते, बाहेर येत नाही आणि फळी आतल्या आत कुजते. बाहेरून बोट नवी दिसते. टोचणी मात्र लाकडात सहज घुसते.

अशा जागी वरून नुसते फायबर थापू नये. कुजलेला भाग पूर्ण काढावा, जागा कोरडी होऊ द्यावी. फायबर पाव इंच जाड असेल तर भोकाच्या चहूबाजूंनी सुमारे ३ इंच उतार घासून घ्यावा, म्हणजे नवे थर जुन्याला धरून बसतात. ओलीवर मारलेले रेझिन नीट धरत नाही. त्यामुळे हे काम पावसाआधी उरकावे, आणि त्यासाठी मे महिन्याच्या शेवटच्या काही फेऱ्यांचा मोह सोडावा लागतो. ताडपत्री घालतानाही खालून वारा खेळता ठेवावा. घासणाऱ्याने तोंड-नाक झाकावे. भगिनींनी ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. फायबरची कूस अंगाला खाजते.

आता डिझेलची टाकी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसते. अर्धवट रिकाम्या टाकीत पावसाळी दमट हवा शिरते, तिचे पाणी होते, पत्रा आतून गंजतो. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढून काळा चिकट गाळ तयार होतो. खाडीत बोट संथ चालते तेव्हा हा गाळ तळाशी पडून असतो. समुद्र खवळला, बोट हेलकावू लागली, की तो वर उठतो, फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद पडते. म्हणजे ज्या घडीला इंजिनाची सर्वांत जास्त गरज, त्याच घडीला ते दगा देते. फिल्टर वारंवार बदलावा लागत असेल, तर दोष फिल्टरचा नाही, टाकीचा आहे.

टाकी बाहेर काढून, गाळ उपसून, तळ आणि सांधे पाहावेत. गळती शोधण्यासाठी हलकी हवा भरून साबणाचे पाणी लावावे. जोराने हवा भरली तर टाकी फुगते, फुटतेही.

एक गोष्ट मात्र आम्ही हात जोडून सांगतो. जुन्या टाकीला घाईघाईने वेल्डिंग करू नका. ‘रिकामी आहे, काय होणार?’ हा समज जीवघेणा आहे. सांध्यांत, गंजाखाली राहिलेल्या डिझेलची आचेने वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि ठिणगी पडताच टाकी फुटते. वास येत नाही, ही काही खात्री नव्हे. ज्याला हे काम नीट येते त्याच्याकडेच द्यावे. तळ चाळणीसारखा झाला असेल तर नवी टाकीच करावी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र घेऊ नये; डिझेल जस्ताशी जमवून घेत नाही. टाकी लाकडावर सपाट न ठेवता खाली रबराच्या पट्ट्या द्याव्यात, म्हणजे पाणी साचून राहत नाही.

पैसा तुटपुंजा असेल तर क्रम असा ठेवावा: पहिले बूड, दुसरी टाकी आणि नळ्या, मग इंजिनाची किरकोळ कामे, उरलेल्या पैशांत रंग. रंग मारतानाही बुडाला लावलेल्या जस्ताच्या वड्यांवर ब्रश फिरवू नये. त्या झाकल्या तर लोखंड-पितळेचे रक्षण होत नाही.

आणि बोट विकायची असेल, तर खूण केलेल्या जागा घेणाऱ्याला दाखवून भाव ठरवावा. रंगाखाली ऐब झाकून चार पैसे जास्त मिळतील; पण त्या बोटीवरही कोणाचा तरी मुलगा खलाशी म्हणून जाणार आहे.