गुरुजींची पाठराखण

मसुरे हे नावाला एक गाव. प्रत्यक्षात भरतगडाच्या परिसरात विखुरलेल्या वाड्यांचे ते मोठे कुटुंब. अशा गावांतून शाळा लहान असतात. दोन शिक्षक, चार-पाच इयत्ता. गुरुजी प्रशिक्षणाला गेले की उरलेल्या बाई एकट्याच सगळे वर्ग सांभाळतात, आणि नेमका त्याच दिवशी तालुक्याहून निरोप येतो, 'माहिती आजच पाठवा.' शिकवून थकलेला माणूस रात्रीच्या झोपेने ताजा होतो. शिकवायचे राहून गेले, ही रुखरुख मात्र झोपेने जात नाही.

मी बँकेत नोकरी केली. संध्याकाळी रोकड जुळली की दिवस संपे. शिक्षकाच्या दिवसाला अशी जुळणी नसते. चौथीतल्या मुलाला भागाकार आला की नाही, ही काळजी तो घरी घेऊन जातो. म्हणूनच त्याच्या पाठीशी वरिष्ठ हवा. चांगला शाखाधिकारी वरून आलेला प्रत्येक कागद टेबलाटेबलावर भिरकावत नसे. आधी स्वतः वाची, जमेल तेवढे स्वतःच निपटून टाकी. मुख्याध्यापकानेही तेच करावे. माहिती भरण्याची कामे आठवड्यातल्या ठरावीक वेळीच घ्यावीत. पालकाची तक्रार वर्गाच्या दारात न ऐकता आपल्या खोलीत ऐकावी. आजारी शिक्षकाचा तास स्वतः घ्यावा. आणि कुणी चांगले शिकवले, तर तसे सांगावे. त्याला अनुदान लागत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक पट १५० च्या वर असेल तरच. वाडीवरच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे त्या दोघांतलाच एक. वर्गही त्याचा आणि पोषण आहाराचा हिशेबही त्याचाच. त्याची पाठराखण कोणी करायची?

ती केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी करायची. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला जुंपू नये, असे त्याच कायद्याचे कलम २७ सांगते. त्याच्या जोडीला, एकदा दिलेली माहिती पुन्हा मागू नये, आणि दोनशिक्षकी शाळेतला एक जण बाहेर बोलावला तर त्याच्या जागी दुसरा द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनीही हिशेब जरूर विचारावा. पण 'बाई, तुमचं काय अडलंय?' हेही विचारावे. वाडीवरच्या मुलाला जवळपास दुसरी शाळा नसते. त्याचे अख्खे वर्ष त्या बाईंच्या हाती असते.